गोधडीचं पोट

सिंचनाचं वागणं पंधरा दिवसांपासून शांताक्काच्या डोळ्यांत खुपत होतं. पोरगी उद्धट झाली असती तर सोपं होतं. उद्धटपणावर शांताक्काकडे औषध होतं आणि त्याचा डोस घरातल्या प्रत्येकाने कधी ना कधी घेतलेला होता. पण ही उद्धट नव्हती. ही आपल्या सख्ख्या आजीला हसू देत नव्हती.

“अज्जी, दात दाखवू नको,” फोन डोळ्यांपुढे धरून ती म्हणे.

“का गं? माझेच आहेत. बत्तीसातले एकोणतीस. तुझ्या आजोबांना विचार त्यांचे किती उरलेत.”

“असू दे की. सुम्ने, गुपचूप खाली बघ. टाका घालत राहा.”

आधी साडीवरून झालं. चांगली इस्त्रीची साडी नेसून शांताक्का येऊन बसली, तर म्हणे ती विटकी निळी नेस. विटकी निळी फरशी पुसायला काढली होती. म्हणे तीच. मग गळ्यातली बोरमाळ पदराखाली गेली. मग फ्रिजसमोरची जागा गेली. गेल्या दसऱ्याला घेतलेला दोन दारांचा फ्रिज, त्याच्यापुढे बसून फोटो काढावा तर कुणाची ना नसावी. पण सिंचनाने आजीला तिथून उठवलं आणि मागच्या अंगणात न्हाणीच्या भिंतीशी नेऊन बसवलं. घरातली तेवढी एकच भिंत, जिचे पोपडे सुटले होते.

“घरात पाच खोल्या धड आहेत,” शांताक्का म्हणाली, “आणि हिला ही भिंत सापडली.”

“लाइट चांगला येतो इथे.”

लाइटचं शांताक्काला कळत नव्हतं. कन्नड शाळेत तिसरीपर्यंत गेलेल्या बाईला जेवढं वाचता येतं तेवढं तिला येई, म्हणजे बसची पाटी आणि लग्नपत्रिका. फोनमधलं सगळं इंग्रजी. त्यामुळे ती गप्प बसली. पण गप्प बसणं तिच्या प्रकृतीला मानवत नसे. दोन दिवसांत तिला आम्लपित्त झालं.

गप्प बसायला कारण होतं. धंदा चालला होता.

म्हैसूरच्या के. आर. मोहल्ल्यात घराच्या पुढच्या खोलीत गंगाधररावांचं शिवणाचं दुकान. ब्लाउज, शाळेचे गणवेश, लग्नसराईत कोट. दुकानात कापडाचे जे तुकडे उरत त्यांच्या शांताक्का गोधड्या शिवी. गावात सगळे त्याला कौदी म्हणत, घरात गोधडी. अठ्ठेचाळीस वर्षांत तिने शिवलेल्या गोधड्यांखाली सगळ्या नात्यातली बाळं वाढली होती, आणि एकही गोधडी तिने विकली नव्हती. तिचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा. काठापासून सुरू करायचा आणि गोल फिरत फिरत उखाणा सोडवावा तसा मधोमध आणून संपवायचा. रेशमाचा तुकडा कुठे, गणवेशाची खाकी कुठे, हे ती डोळे मिटून ठरवी आणि ते बरोबरच असे. बरोबर नसेल असं तिला सांगायला कुणी धजलं नव्हतं, हेही खरं.

सिंचना बी.कॉम. झाली आणि बापाने तिच्यासाठी बेळगोळच्या एका कारखान्यात हिशेबाची नोकरी बघितली. पोरीला ती नको होती. तिने आजीच्या गोधड्यांचे फोटो इन्स्टावर टाकले, ‘अज्जीची कौदी’ असं नाव दिलं आणि बापाकडून दसऱ्यापर्यंतची मुदत मागून घेतली. दसऱ्यापर्यंत हे चाललं तर ठीक, नाहीतर ती निमूटपणे बेळगोळची बस धरेल. सहा महिन्यांत सात गोधड्या गेल्या. बाप रोज जेवताना बसचं वेळापत्रक वाचून दाखवू लागला.

आणि मग या पंधरा दिवसांत चाळीस ऑर्डरी आल्या.

चाळीस! शांताक्काने हा आकडा विठ्ठल मंदिरातल्या शुक्रवारच्या भजनात तीन वेळा सांगितला, त्यातला एकदा अभंग चालू असताना. “टाका आहे तो,” ती म्हणाली. “टाक्याला डोळे लागतात. उशिरा का होईना, लोकांना फुटले.” भजनातल्या बायका एकमेकींकडे बघून काहीतरी पुटपुटल्या. शांताक्काने ते मत्सरात जमा केलं.

हसू नको म्हणते तर नाही हसत, असं तिने मनाशी ठरवलं. कलावंत माणसाने थोडं गंभीर दिसावं, असंही असेल.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला दारात एक बाई उभी राहिली. पस्तिशीची, डोळ्यांवर मोठा चष्मा, दोन्ही हातांत फुगलेल्या पिशव्या.

“शांताबाई आजी इथेच राहतात का?” एकदम पुण्याची मराठी. “मी विभावरी. जयलक्ष्मीपुरमला असते. विठ्ठल मंदिरात पत्ता विचारून आले. आमचे हे इथल्या एका कंपनीत आहेत.”

“या की. मीच शांताक्का.”

विभावरीने तिला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं आणि जरा गोंधळली. तिच्या मनात कुणीतरी बारीक बाई असावी. शांताक्का बारीक नव्हती. ती दारात उभी राहिली की दार भरल्यासारखं वाटे.

“तुमच्या मोठ्या बहिणी वगैरे...?”

“मोठी, धाकटी, सगळी मीच. बसा.”

विभावरी खुर्चीच्या काठावर बसली. पिशव्या पुढे सरकवल्या. त्यात तांदूळ, तूरडाळ, गुळाची ढेप, नाचणीचं पीठ, बिस्किटांचे पुडे आणि डॉक्टर आजारी माणसाला देतात तसल्या भुकटीचा डबा. शांताक्काला वाटलं, ही गोधडीच्या बदल्यात शिधा द्यायला आली. जुन्या काळी असं करत.

“आमच्याकडे पैसे फोनवर घेतात,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली. “नात बघते ते.”

“नाही, नाही आजी. हे तुमच्यासाठी.” विभावरीने आवाज खाली आणला आणि स्वयंपाकघराकडे नजर टाकली. “तुम्ही आज काही खाल्लंत का?”

“खाल्लं की. तीन दोसे.”

“खरं सांगा. घाबरू नका. मी आहे.”

“चार,” शांताक्का म्हणाली. चौथा तिने उभ्याने खाल्ला होता, तो ती धरत नसे. पण बाई इतक्या कळकळीने विचारत होती.

तेवढ्यात सून नागरत्ना आतून आली. हातात उप्पिट्टूची बशी, वर तूप, बाजूला वाफाळती कॉफी. पाहुण्यापुढे ठेवायची बशी तिने सवयीने आधी सासूपुढे धरली, कारण चव बघितल्याशिवाय सासू पाहुण्याला काही देऊ देत नसे. शांताक्काने चमचाभर तोंडात टाकलं.

“मीठ कमी. चालेल.”

विभावरी हे सगळं डोळे फाडून बघत होती. “तुम्ही यांच्या सून ना? तुम्ही... असं रोज देता यांना?”

“मी नाही दिलं तर कोण देणार?” नागरत्ना म्हणाली. “आणि अत्तेंना दर दोन तासांनी लागतं.”

“काय भानगड आहे ती सरळ सांगा हो,” शांताक्का म्हणाली.

विभावरीने मग फोन काढला. त्यात मुंबईची एक तरुण मुलगी रडत होती. मांडीवर शांताक्काची गोधडी होती, जांभळ्या रेशमाचा काठ, शांताक्काने तो लगेच ओळखला. बाजूला एक गुबगुबीत कुत्रा ओशाळल्यासारखा बसला होता. गोधडीचा एक कोपरा फाटलेला, आणि मुलीच्या तळहातावर चतकोर चपाती. वाळलेली, पिवळट.

“ती काय म्हणतेय?”

विभावरीने अवघडत मराठी केलं. “ती म्हणते, माझ्या कुत्र्याने कोपरा फाडला आणि आतून ही पोळी निघाली. ज्या आजीने ही गोधडी शिवली तिला घरात पोटभर मिळत नाही. ती आपल्या ताटातली पोळी लपवून ठेवते. लपवायला जागा नाही म्हणून गोधडीत शिवते. आणि... आणि विसरते. बिचारी.”

शांताक्का ऐकत राहिली. तिच्या आईकडे रीत होती, आईच्या आईकडेही. काठाचा शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी बोटभर फट ठेवायची. उन्हात कडकडीत वाळवलेली चतकोर चपाती हळद लावून आत सरकवायची आणि मग टाका घालायचा. गोधडीचं पोट भरायचं. या घरातून माणूस उपाशी जात नाही, तशी गोधडीही जायची नाही. सिंचनाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अज्जी, विकायच्या गोधडीत खाण्याचं काही घालू नको, मुंग्या लागतील, गिऱ्हाइकाला चालणार नाही. शांताक्का हो म्हणाली होती. आणि घालत राहिली होती. गिऱ्हाइकाला काय चालतं ते गिऱ्हाइकाने बघावं. शिवणारीला काय चालतं ते शिवणारी बघेल.

“हे किती जणांनी बघितलं?” तिने विचारलं.

“नऊ लाख.”

“आणि ते खाली काय लिहिलंय?”

“लोकांची मतं आहेत हो. जाऊ द्या.”

“वाचा.”

विभावरीने घसा साफ केला. “एकाने लिहिलंय, अशा सुनांना जन्मठेप द्या. दुसरी म्हणते, सुनेचा पत्ता द्या, आम्ही जाऊन बघतो. तिसरा म्हणतो...”

“साकु,” शांताक्का म्हणाली. पुरे.

नागरत्ना बशी घेऊन उभी होती. तिने बशी टेबलावर ठेवली, बशीखालचा ओला गोल पदराने पुसला आणि आत गेली. आत भांड्याचा एक आवाज झाला, मग काहीच नाही. चोवीस वर्षांत शांताक्काने या सुनेच्या सारात चिंच कमी सांगितली होती, मिठाला जास्त म्हटलं होतं, पोळ्यांना नकाशे म्हटलं होतं. पण स्वयंपाकघरातला आवाज कधी थांबला नव्हता. आता भजनातल्या बायकांचं पुटपुटणंही तिच्या ध्यानात आलं. तो मत्सर नव्हता. त्या तिच्या सुनेला नावं ठेवत होत्या, आणि ती स्वतः समोर बसून चाळीस चाळीस करत होती.

सिंचना बाराला कुरिअरच्या ऑफिसातून परतली. दारातच तिला पिशव्या दिसल्या, चष्मेवाली दिसली, मग आजी दिसली. ती तिथेच चप्पल काढायची विसरली.

“ये. बस. तुझी आजी उपाशी आहे, ठाऊक आहे का?”

“अज्जी, मी एक शब्द खोटा बोलले नाही. देवाशप्पथ. ती मुलगीच बोलली सगळं.”

“आणि तू?”

“मी फक्त हार्ट दिलं.”

“काय दिलं?”

“लाल बदाम आहे आजी,” विभावरी म्हणाली. “आणि त्याच्यापुढे जोडलेले हात.”

“म्हणजे, होय बाई, अगदी खरं आहे, असंच ना?”

सिंचनाने मान खाली घातली. “एक ऑर्डर नव्हती महिनाभर. तो व्हिडिओ आला आणि एका दिवसात बारा. मी खरं सांगायला बसले होते, लिहिलं पण होतं. मग अजून आठ आल्या. मग मी पुसून टाकलं. तुझा टाका मी सहा महिने दाखवला अज्जी. जवळून, लांबून, उन्हात, सावलीत. कुणी बघितला नाही. चपाती बघितली.”

हे शांताक्काला लागलं. पण लागलेलं दाखवायची तिला सवय नव्हती.

गंगाधरराव दुकानातून टेप गळ्यात घालून डोकावले. “माझं काय लिहिलंय? मी आहे की गेलो?”

“तुमचा उल्लेख नाही आजोबा,” विभावरी म्हणाली.

“बरं झालं,” म्हणून ते परत कापायला गेले.

शांताक्का उठली. “फोन काढ. आत्ता माझं रील करायचं.”

“अज्जी, नको. बेडा, प्लीज. खरं सांगितलं तर सगळे कॅन्सल करतील. दसऱ्याला वीस दिवस आहेत. मग मी बेळगोळ.”

“बेळगोळला माणसंच राहतात. काढ.”

ती आत गेली आणि पंधरा मिनिटांनी आली ती लग्नाला निघाल्यासारखी. मोरपिशी रेशमी साडी, बोरमाळ, मोहनमाळ, दोन्ही हातांत पाटल्या, नाकात मुगबट. फ्रिजसमोर खुर्ची मांडून बसली. मग जरा विचार करून फ्रिजचं दार उघडून ठेवलं. आत दूध, दही, कालच्या हुळीचं पातेलं, केळी, लोणच्याच्या तीन बरण्या, सगळं दिसावं म्हणून.

“नागरत्ने, बाहेर ये.”

“मला नको अत्ते.”

“मी विचारलं नाही.”

नागरत्ना आली. डोळे लाल होते. शांताक्काने तिला शेजारी उभं केलं आणि तिचा हात असा धरला जसा बाजारात पळणाऱ्या पोराचा धरतात.

“चालू केलंस? बघा हो नऊ लाख लोक,” शांताक्काने सुरुवात केली. “मी शांताक्का. मी उपाशी दिसते का? नीट बघून बोला. ती चपाती मी लपवलेली नाही, मी घातलेली आहे. आमच्यात गोधडीचं पोट भरून पाठवतात. तुमच्या घरी आलेल्या वस्तूला तुम्ही विचारता का, जेवलीस का म्हणून? आम्ही विचारतो. आणि ही माझी सून. हिला जन्मठेप देणारे कोण तुम्ही? चोवीस वर्षं दिवसातून चार वेळा ही मला वाढते. हिच्या सारात चिंच कमी असते, ते माझं आणि हिचं आहे, त्यात तुम्ही पडायचं नाही. मी आजारी होते तेव्हा हिने मला भरवलं आहे. माझ्या पोटच्या मुलाने नाही, हिने. कळलं? आता गोधडी पाहिजे तर माझा टाका बघून घ्या. दया येते म्हणून घेणार असाल तर घेऊ नका, माझ्याकडे कापड मोजकं आहे. आणि त्या मुंबईच्या पोरीला सांगते, बाळ, तू रडलीस, तुझं मन चांगलं आहे. कुत्र्याला वेळेवर खायला घाल.”

विभावरीने ते सगळं इंग्रजीत लिहून दिलं. चिंचेपाशी तिने थांबून विचारलं, हेही लिहायचं का? शांताक्का म्हणाली, आधी तेच लिहा, म्हणजे बाकीचं खरं वाटेल.

जाताना विभावरीने पिशव्या तिथेच ठेवायचा प्रयत्न केला. शांताक्काने त्या तिच्या स्कूटरवर स्वतः नेऊन टांगल्या आणि वर डबाभर खुसखुशीत कोडुबळे कोंबले. “तू बारीक आहेस गं,” ती म्हणाली. “घरी खायला मिळतं ना? खरं सांग. घाबरू नको.”

सोमवारपर्यंत निकाल लागला. चाळीसातल्या एकतीस ऑर्डरी रद्द झाल्या. कुणी लिहिलं, फसवणूक. कुणी लिहिलं, ही आजी खात्यापित्या घरची आहे, हिला कशाला मदत. कुणीतरी मोहनमाळेचं वजन विचारलं. नऊ माणसं राहिली, आणि मुंबईच्या मुलीने माफी मागून लिहिलं की कोपरा दुरुस्तीला पाठवते, चपाती परत घालून मिळेल का. नवीन दोनच आल्या; त्यातल्या एका बाईने टाक्याचा फोटो मोठा करून विचारलं होतं, हा इतका बारीक टाका कोणत्या मशीनवर घालता? तो प्रश्न शांताक्काने सिंचनाकडून तीन वेळा वाचून घेतला आणि तिन्ही वेळा अपमान झाल्यासारखा चेहरा करून अतिशय सुखावली.

सिंचना मात्र जेवायला आली नाही. बापाने बेळगोळच्या कारखान्यात फोन करून बुधवारची वेळ घेतली होती. ती न्हाणीच्या भिंतीशी गुडघे पोटाशी धरून बसली होती. शांताक्का एका हातात ताट आणि दुसऱ्या हाताने गुडघा दाबत तिथे आली. नागरत्नाही तिच्या मागे येऊन, धुतलेले कपडे काढायचं निमित्त करून, दोरीपाशी उभी राहिली.

“वीस दिवस, अज्जी,” सिंचना म्हणाली. “फक्त वीस दिवस तू गप्प बसली असतीस. कुणाचं काय गेलं असतं? मी काय चोरी केली?”

दोरीपाशी नागरत्नाचा हात चिमट्यावर थांबला.

शांताक्काने ताट खाली ठेवलं. पोपडे सुटलेल्या भिंतीला टेकून ती हळूहळू खाली बसली, आणि बसल्यावर नातीच्या तोंडाकडे बघत, शेजारच्या घरातही ऐकू जाईल अशा तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली:

“ऐक कणे, पोरी. विकायला तुला येतं, हे मी मान्य करते. मला अठ्ठेचाळीस वर्षांत शेजारणीला एक विकता आली नाही, खरं कळल्यावरही तुझ्या नऊ परमुलखात टिकल्या आणि त्या टाक्यावर टिकल्या. बुधवारी तुझ्या बापाबरोबर मी जाते बेळगोळला आणि तिथल्या साहेबाला सांगते की पोरगी दसऱ्यानंतर येईल, आली तर. बापाचं मी बघते. पण चोरी काय केली म्हणून विचारलंस, तर सांगते. माझी भूक विकलीस, ती घरात नव्हती. आणि तुझ्या आईचं नाव विकलंस, ते तुझं नव्हतं. घरात नसलेला माल आणि दुसऱ्याचा माल, हे दोन जो विकतो त्याला दुकानदार म्हणत नाहीत. त्याला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे; पण तुला जिने जन्म दिला ती तिथे उभी आहे, म्हणून मी बोलत नाही.”